रुमाल घेऊन या

माझं माहेर सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर, एका वस्तीवर. दादा आणि वहिनी अजून तिथंच असतात. ऊस, कांदा, चार जनावरं. मी लग्नानंतर नगरात आले ती इथलीच झाले. सावेडीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आमचे हे दुसऱ्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आम्हाला मूल नाही. हे जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा एके दिवशी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आपल्या वस्तीवर पिच्चरवाले आल्यात. शूटिंग हाय. या की बघायला."

"मी काय करू बघून?"

"मंग घरात बसून तरी काय करताय?"

वहिनी अशीच बोलते. तिच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हे मी लग्नाच्या आधीच शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले.

दादाच्या शेजारचं एक जुनं पत्र्याचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. दोन मोठ्या गाड्या, जनरेटर, छत्र्या आणि सगळीकडे पसरलेल्या काळ्या वायरी. मी आणि वहिनी बाभळीखाली उभ्या राहून बघत होतो. टोपी घातलेली एक मुलगी हातात कागद घेऊन इकडून तिकडे पळत होती. ती माझ्यासमोर थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी अ‍ॅक्टिंग केलीय?"

"गॅदरिंगला मुलींची नाटकं बसवलीत."

"मग झालं की!"

हिरोच्या आजीचं काम करायला पुण्याहून एक बाई यायच्या होत्या. त्यांची कंबर धरली आणि त्या आल्या नाहीत. सीन त्याच दिवशी उरकायचा होता. मी नाही-नाही म्हणेपर्यंत वहिनी घरात जाऊन पेटीतून आईचं जुनं लुगडं घेऊन आलीसुद्धा. आईचं लुगडं नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले.

आजोबा म्हणून त्यांनी एका निवृत्त एसटी ड्रायव्हरना आणलं होतं. श्रीरामपूरचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, चेहरा अगदी सिनेमात शोभेल असा. पण पाठांतर काही जमेना. सीन साधा होता. नातू शहरात गेलाय, त्याचा काही पत्ता नाही. आजोबा बाजेवर बसलेत. मी पाण्याचा पेला घेऊन यायचं, त्यांनी नातवाविषयी चार वाक्यं बोलायची आणि मी म्हणायचं, "येईल हो तो." दुसरं वाक्य आठवलं की ते तिसरं विसरायचे. पाच वेळा झालं. दिग्दर्शक ओरडायला लागला. ऊन चढलं होतं. सहाव्या वेळी मी पेला पुढे केला. ड्रायव्हरकाकांना घाम फुटला होता, ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ठेव तिथं, पितो नंतर."

हे काही कागदावर नव्हतं.

आमचे हे शेवटच्या दोन महिन्यांत हेच म्हणायचे. खाणं सुटलं होतं, पाणीसुद्धा नको व्हायचं. मी पेला घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "ठेव तिथं, पितो नंतर." मी ठेवायचे. तासाभरानं तो पेला तसाच भरलेला उचलायचे आणि दुसरा ठेवायचे. हे गेले त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी स्टुलावरचा पेला उचलून मोरीत ओतला. मी ते पाहिलं. तेव्हा मला रडू आलं नव्हतं. पुढेही, लोकांसमोर, कधी आलं नव्हतं.

ते तिथं आलं. वस्तीवर, भर उन्हात, साठ-सत्तर माणसांसमोर. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शकानं सगळ्यांना हातानं गप्प केलं होतं. नंतर तो स्वतः उठून आला आणि त्यानं मला हात जोडले. "मावशी, हेच पाहिजे होतं." टोपीवाल्या मुलीनं मला मिठी मारली. ड्रायव्हरकाका तेवढे घाबरून विचारत होते, "माझं काय चुकलं का, बाई?"

"नाही, काही नाही," मी म्हणाले.

सगळ्यांना तो अभिनय वाटला. मीही तसंच वाटू दिलं.

त्यानंतर सहा-सात महिने काहीच नाही. मी विसरलेसुद्धा होते. मग एका सकाळी त्या मुलीनं मोबाईलवर ट्रेलर पाठवला. सोबत लिहिलं होतं, "मावशी, बघा!!!"

दोन मिनिटांचा ट्रेलर. हिरो उसातून पळतोय, मागे आग. कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हातातून सुटतोय. मग एकदम अंधार. छातीचे ठोके. मोठी लाल अक्षरं – "महाराष्ट्र रडणार!" आणि मग मी. निमिषभर तो पेला, मग पडदाभर माझा चेहरा आणि डोळ्यांतून निघून हनुवटीपर्यंत आलेलं पाणी. व्हायोलिनचा असा काही कल्लोळ की मोबाईल थरथरला. त्यावर शेवटची अक्षरं – "रुमाल घेऊन या."

तीन सेकंद. मी मोजले.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, श्रीरामपूरच्या मावसबहिणी, यांचे धाकटे भाऊ, जे वर्षश्राद्धानंतर एकदाही बोलले नव्हते. सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ आणि टाळ्यांचे हात. वरच्या मजल्यावरची सून, जी जिन्यात नुसती हसून जायची, ती मुद्दाम घरात येऊन बसली, चहा प्यायली. सावेडीत रिक्षांच्या पाठीवर पोस्टर लागली. त्यात कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा होता. भाजीवाल्या बाईनं मला ओळखलं आणि कोथिंबिरीची जुडी वरून दिली.

रोज संध्याकाळी सातला मी टीव्ही लावते, बघण्यासाठी नाही, घरात आवाज असावा म्हणून. ट्रेलरनंतरच्या तीन आठवड्यांत टीव्ही लावायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मग त्या मुलीचा फोन आला. "मावशी, एक छोटा व्हिडिओ करून पाठवा ना. म्हणायचं, असा सिनेमा आयुष्यात पाहिला नाही, सगळ्यांनी सहकुटुंब या."

"अगं, मी कुठं पाहिलाय?"

"अजून कुणीच नाही पाहिलाय, मावशी. असंच म्हणायचं असतं."

मी आयुष्यभर मुलींच्या निबंधातली खोटी वाक्यं लाल शाईनं खोडली. "हे तुला खरंच वाटतं का?" असं समासात लिहायचे. पण त्या दिवशी मी चांगली साडी नेसले, गॅलरीत खुर्ची ओढली आणि तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा अगदी मनापासून म्हटल्यासारखं झालं, तेच पाठवलं. दोन दिवसांत ते सगळीकडे फिरलं.

खरं तर जाहिरातीला भुलायचं वय माझं कधीच संपून गेलं होतं. नव्या संसारात आम्ही दोघं असे कितीतरी वेळा फसलो. यांना पोस्टरचं भारी वेड. चौकात सायकल थांबवून दाखवायचे, "बघ, मान एकाची आणि धड दुसऱ्याचं. म्हणजे सिनेमा बघायलाच पाहिजे." जितकी जाहिरात मोठी तितके आम्ही हौसेनं जायचो आणि जितका सिनेमा वाईट तितका वेळ नंतर चहाच्या टपरीवर बसायचो. हे सगळी गोष्ट पुन्हा सांगायचे, त्यात स्वतःची भर घालून, हिरोचा बाप मध्येच कुठं गायब झाला ते शोधून काढत. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. चांगल्या सिनेमांतलं मला आज फारसं आठवत नाही. वाईट मात्र सगळे पाठ आहेत. हे गेल्यावर मी थिएटरची पायरी चढले नव्हते.

पहिल्या शोला आमच्या बिल्डिंगमधले अकरा जण आले. माझ्यासाठीच आले. थिएटरच्या दाराशी हिरोचा भला मोठा पुठ्ठ्याचा पुतळा, फुग्यांची कमान, ढोल-ताशा. खांद्यावरून पट्टे घातलेल्या दोन मुली प्रत्येकाच्या हातात एकेक रुमाल देत होत्या, त्यावर सिनेमाचं नाव छापलेलं. "काकू, आज तुम्हीच आम्हाला रडवणार," वरच्या मजल्यावरची सून म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.

सिनेमा सुरू झाला. हिरो कॉलेजात होता. मग एक गाणं झालं. मग हिरोचा जाडा मित्र आला आणि त्याच्यामागे एक बोकड. हा बोकड दर दहा मिनिटांनी कुणाला तरी ढुशी मारायचा. मग मारामारी, मग आणखी एक गाणं. मी प्रत्येक वळणावर सावरून बसत होते. आता गाव येईल, आता ते पत्र्याचं घर येईल. मध्यंतर झालं. लोकांनी समोसे खाल्ले आणि त्या रुमालांना हातांचं तेल पुसलं. मध्यंतरानंतर गाव आलं. एका गाण्यात, वरून, ड्रोननं काढलेलं. दादाचा ऊससुद्धा दिसला असेल. आगसुद्धा आली, पण ती हिरोच्या स्वप्नात होती. मग लग्न झालं, बोकडाच्या गळ्यात हार घातला आणि दिवे लागले.

लोक उठले. मी बसूनच राहिले, नावं वाचत. नावं भराभर वर सरकत होती. शेवटी आलं, "आभार – समस्त ग्रामस्थ." तोपर्यंत झाडूवाल्या बाई पहिल्या रांगेत आल्या होत्या.

बाहेर अकरा जण माझी वाट बघत उभे होते. कुणी काही विचारलं नाही. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "लांबला जरा." त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "गाणी बरी होती." येताना रिक्षात वरच्या मजल्यावरची सून माझ्याशी तिच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत राहिली, एकसारखी, थांबलीच नाही. ती मला सांभाळून घेत होती, हे मला कळत होतं. एकानं जरी म्हटलं असतं, "अहो काकू, तुम्हाला कापलं की!" तर मी तिथंच हसले असते आणि सगळंच हलकं झालं असतं. पण सगळेच चांगल्या मनाचे होते.

घरी आले. चहा टाकला. मला कुणाला तरी त्या बोकडाबद्दल सांगायचं होतं. घर जळतं ते हिरोच्या स्वप्नात आणि पुढच्याच सीनमध्ये, वरातीत, बोकडाच्या गळ्यात जळकं दावं असतं, हे कुणाच्या लक्षात आलं का, असं विचारायचं होतं. चहा कपात ओतताना माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अहो, तो बोकड..." आणि पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. वाईट सिनेमाला सोबत लागते. एकटीनं पाहिला तर तो नुसताच वाईट असतो.

तरी चार दिवसांनी मी पुन्हा गेले. दुपारच्या शोला, कुणाला न सांगता. मला वाटलं, मी पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होते तेव्हा माझा सीन निघून गेला असेल. थिएटरात मी धरून पाच जण होतो. त्यातला एक झोपला होता. मी तीन तास पडद्यावरून नजर हलवली नाही. नव्हतेच मी.

त्याच आठवड्यात श्रीरामपूरहून ड्रायव्हरकाकांचा फोन आला. नंबर त्या मुलीकडून मिळवला म्हणाले.

"बाई, बघितला का तुमी?"

"बघितला."

"आमी जीप करून गेल्तो. चौदा मानसं. मी कुटंच न्हाई त्याच्यात."

"मीही नाही."



"पर तुमी ट्रेलरात तरी हाय," ते म्हणाले. "मी ट्रेलरातबी न्हाई. नुसता हात हाय, पेल्यापाशी. थांबवून थांबवून बघितलं तर दिसतो. नातीला दाखवला. म्हनली, आबा, हा तुमचाच हात कशावरून? आता काय सांगावं?"

मी हसले. तेही हसले. मग ते म्हणाले, "ठेवू का?" आणि फोन ठेवला. नंतर मला वाटलं, आणखी दोन मिनिटं बोलायला हवं होतं. पण पुन्हा फोन करण्यासारखं कारण नव्हतं.

टोपीवाल्या मुलीला मी स्वतः फोन केला. तक्रार करायला नाही. मला तो तुकडा हवा होता. सिनेमात नसला तरी कुठंतरी असेलच ना, पूर्ण, संगीताशिवाय. त्यात ड्रायव्हरकाकांचं ते वाक्य असेल.

"मावशी, सॉरी हं," ती म्हणाली. "तुमचा सीन फार भारी होता. इतका भारी की बाकीच्या सिनेमात तो बसेना. सर म्हणाले, ट्रेलरला वापरू."

"मग तो मला पाठवशील?"

"बघते. हार्ड डिस्क मुंबईला आहे."

ती खोटं बोलत नव्हती, तिचा बघायचा विचार असेलही. पुढच्या महिन्यात तिच्या स्टेटसला नव्या सिनेमाचं पोस्टर होतं. "कधीही न पाहिलेलं काहीतरी येतंय." मी दोनदा आठवण केली. मग केली नाही.

फोन जसे सुरू झाले होते तसे बंद झाले. रिक्षांच्या पाठीवर एका सोन्याच्या दुकानाची पोस्टर लागली. माझा तो गॅलरीतला व्हिडिओ मात्र फिरतच राहिला. एकदा भाजी घेताना माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. वर्गात हुशार होती, आता तिची मुलगी दहावीला आहे. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही घरचे सगळे गेलो होतो." बस, एवढंच. ती रागावलेली नव्हती. कसा वाटला हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी तिच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि मेथी न घेताच घरी आले. ती पाचवीत असताना तिच्या निबंधातलं एक वाक्य मी खोडलं होतं की नाही, ते आठवायचा प्रयत्न मी रात्री जेवताना करत होते. खोडलं असणारच.

कांदा काढणीला मी माहेरी गेले. नेहमीच जाते. दादा कांद्याच्या चाळीत होता. मी आणि वहिनी अंगणात कांद्याच्या ढिगाशी बसून कांदे निवडत होतो. मोठा एकीकडे, बारका एकीकडे, दुभाळका, म्हणजे जोड कांदा, तिसरीकडे. बराच वेळ झाल्यावर वहिनी म्हणाली, "पिच्चर लई भंगार हुतं, वन्सं."

इतक्या महिन्यांत हे कुणी म्हणालं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की हातातला कांदा तसाच राहिला.

"तुम्ही कुठं पाहिला?"

"वस्तीवरच्या पोरांनी मोबाईलवर लावला. त्यो बोकुड बघून तुमच्या दादाला झोप लागली." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पर मला एक सांगा. त्या दिशी तुमी रडला कशापायी? समदे म्हनत हुते, काय अ‍ॅक्टिंग केली. मी काय तुमाला आज बघते व्हय? तुमाला खोटं रडता येत न्हाई."

मी तिला सांगितलं. पेल्याचं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून म्हणायचे ते सांगितलं, मोरीत पाणी ओतलं ते सांगितलं. सलग नाही सांगता आलं. मध्ये मध्ये थांबले, कांदे निवडले, पुन्हा बोलले. वहिनीचे हात चालू होते. माझं बोलणं संपल्यावर ती उठली, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

"पेला म्या ओतला हुता," ती म्हणाली. "मोरीत. मला काय ठावं, वन्सं. मला वाटलं, मानसं येत्यात, कुनाचा धक्का लागून सांडंल."

त्या दुपारी घरात कोण कुठं होतं, मला आठवत नव्हतं. हात तेवढा आठवत होता, बांगड्यांचा. तो वहिनीचा होता, हे मला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

"बरं केलंत," मी म्हणाले. "मला तो उचलवला नसता."

तिनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा ढिगाशी बसली. आम्ही ऊन उतरेपर्यंत कांदे निवडले. मग मी हात धुऊन पिशवी घेतली. पाचची एसटी होती.

"आज राहा की," वहिनी म्हणाली.

"नको. घरी जाते."

"घरी कोन वाट बघतंय?"

तिच्या मनात काही नव्हतं. ती नेहमीसारखी बोलून गेली, आणि मग तिलाच कळलं. मी दारात उभी होते. खरंच, कोणी बघत नव्हतं. हे इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी पिशवी खुंटीला अडकवली.

चार दिवस राहिले. कांदा संपला तेव्हा दादानं मोटरसायकलवरून फाट्यावर आणून सोडलं. बरोबर वहिनीनं गोणीत दहा किलो कांदा बांधून दिला होता. एवढा कांदा मी एकटी काय करणार, म्हणून अर्धा सोसायटीत वाटला. वरच्या मजल्यावरच्या सुनेकडे गेले, तर ती म्हणाली, "काकू, कुठं होतात? दोन दिवस तुमचा टीव्ही ऐकू आला नाही, म्हणून मी बेल वाजवून गेले."

"माहेरी गेले होते," मी म्हणाले आणि कांदे तिच्या टोपलीत ओतले.